दहाचं तेल आणि काकाजीचं दुकान

दुकानाला पाटी नाही. होती, पण ती एका साबणवाल्यांनी रंगवून दिलेली. वर साबणाचं नाव हे एवढं मोठं आणि खाली दुकानाचं बारीक. एका पावसाळ्यात खालचं तेवढं धुऊन गेलं, साबण राहिला. म्हणून मीही नाव लिहीत नाही. हिंगणघाटहून एसटीनं बावीस किलोमीटर आलं, फाट्यावर उतरलं, की पिंपळाच्या पारासमोर निळ्या दाराचं दुकान दिसते. गावात सारे त्याला काकाजीचं दुकान म्हणतात.

पोरगा म्हणाला, "आई, लोकं हॉटेलचे रिव्ह्यू लिहितात. तू काकाजीच्या दुकानाचा लिही, तुझ्यापाशी तर सारा हिशेबच आहे." ते खरं आहे. २०१९ पासूनच्या उधारीच्या सात वह्या माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहेत. घरी आम्ही पाच जण: सासूबाई, हे, मी, आयटीआयला जाणारा पोरगा आणि नववीतली पोरगी. चार एकर वावर, त्यात कापूस, तूर, सोयाबीन. मी ब्लाउज शिवते. दर महिन्याच्या किराण्याचं पान मी स्वतः जोडते, काकाजीच्या बेरजेवर माझा विश्वास नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

आधी दुकान कसं आहे ते सांगते. दारातच कुरकुऱ्यांच्या, शेवचिवड्याच्या पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबतात. त्या बाजूला सारून आत जावं लागते, म्हणजे लेकरू सोबत असलं की दहा रुपये तिथंच गेले. डाव्या हाताला तेलाचे पिपे, उजवीकडे दाळींच्या चुंगड्या, मागं गुळाची भेली आणि तिच्यावर नेहमीच्या माश्या. भाजीपाला म्हणजे फक्त कांदे, आलू आणि लसण. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक मंगळवारच्या बाजारात. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, पण लाईट गेली की काकाजी जुना तराजू काढतो आणि मग अंधारात काय मोजतो ते त्यालाच ठाऊक.

या दुकानाची खरी गंमत पाहायची असेल तर संध्याकाळी सहाला या. वावरातून बाया परत येतात. हातात त्या दिवसाची रोजी, डोक्यावर अजून फडकं बांधलेलं. कोणी अर्धा किलो, पाव किलो म्हणत नाही. "दहाचं तेल, पाचचं तिखट, दहाची दाळ, दोन आलू." काकाजीजवळ एक प्लास्टिकची बाटली आहे, पाण्याचीच, तोंडाजवळून कापलेली. तिच्यावर त्यानं मार्करनं रेघ मारली आहे. त्या रेघेपर्यंत तेल म्हणजे दहाचं तेल. गिऱ्हाईकाची बाटली समोर आली की हा रेघेपर्यंत भरतो आणि ओततो. काटा नाही, हिशेब नाही, दहाची नोट गल्ल्यात.

ती बाटली एकदा हातात घेऊन पाहा. रेघ एक नाही. वर एक पुसट, तिच्याखाली एक अर्धवट खोडलेली, सगळ्यात खाली ठळक काळी. २०१९ च्या दिवाळीला सुटं सोयाबीन तेल ८८ रुपये किलो होतं, तेव्हा दहाच्या तेलाला ११० ग्रॅमच्या वर यायचं. आता १५० च्या आसपास आहे, म्हणजे सासष्ट-सदुसष्ट ग्रॅम. बाई तेव्हाही दहाच म्हणायची, आताही दहाच म्हणते. रेघ तेवढी खाली सरकली. सुटं खाद्यतेल विकू नये असा नियम आहे, हे मला माहीत आहे. पण पिशवीतलं लीटरभर तेल एकदम घ्यायला त्या बाईच्या हातात दीडशे रुपये एकदम नसतात, हे नियम करणाऱ्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आमच्या घरी दहाचं तेल येत नाही, महिन्याचं येते. पण रेघ आमचीही सरकली आहे. पहिल्या वहीत महिन्याला पाच किलो तेल, त्यातलं दोन किलो फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं. २०२१ च्या पावसाळ्यापासून फल्लीचं तेल वहीत सणावारीच दिसते. मार्च २०२२ मध्ये रशिया-युक्रेनच्या लढाईनं सूर्यफुलाचं तेल अडलं, एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पाम तेल बाहेर पाठवणंच तीन-चार आठवडे बंद केलं, आणि आमच्या फाट्यावर सोयाबीन तेल १६८ ला गेलं. आपल्या देशाला लागणाऱ्या तेलातलं अर्ध्याहून जास्त बाहेरून येते, त्यामुळे तिकडं शिंकलं की इकडं फोडणी महागते. त्या महिन्याच्या पानावर तेल साडेतीन किलो आहे. वडाभात त्या उन्हाळ्यात एकदाच झाला, पाहुणे आले म्हणून. सासूबाईंच्या चष्म्याची काच त्याच वर्षी तडकली होती. "दिसते मले, राहू दे," असं म्हणत त्यांनी तो तडकलेला चष्मा पुढं दीड वर्ष वापरला. किराणा वाढला तर किराण्यातलंच कमी होते असं वाटते, पण वह्या पाहिल्या की दिसते, आधी चष्मा, चपला आणि दवाखाना मागं पडतात. मोबाइलचं रिचार्ज मात्र कधी मागं पडलं नाही, हे पोराला वाचू द्यायचं नाही.

आता तक्रार. १४ सप्टेंबर २०२४, शनिवार. महालक्ष्म्या उठून दोनच दिवस झाले होते आणि तळणात घरचं तेल संपलं होतं. सकाळी पोरीला पाठवलं तर तिनं फक्त कापूर आणि उदबत्ती आणली, तेल विसरली. तेव्हा तेल ११२ होतं. संध्याकाळी मीच गेले.

"सूनबाई, आता सव्वीसनं हाय."

"सकाळी तं बारानं होतं न, काकाजी?"

"सकाळचं सकाळी गेलं. वरून टॅक्स वाढला. मोबाइलवर पाहा."

"पन हा पिपा तं परवाचा हाय. मी सोताच पाह्यला उतरवताना. याले कुठचा टॅक्स लागला?"

काकाजीनं झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाला, "याले नाई लागला. पन हा सरला का मले दुसरा आनाच लागन न? तो कोन्या भावात येईन? वरचे पैसे तुमी देसान का?"

घरी येऊन पोराला बातमी वाचायला लावली. खरंच होतं. केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं होतं, आणि रिफाइंडवरचं साडेबारावरून साडेबत्तीस. दिल्लीचा कागद निघाला आणि त्याच संध्याकाळी आमच्या पारासमोरच्या परवाच्या पिप्यातलं तेल किलोमागं चौदा रुपयांनी चढलं. काकाजीचा हिशेब अगदीच खोटा नाही, हेही सांगते. पंधरा किलोचा पिपा जुन्या भावात विकला तर त्या पैशांत पुढचा पिपा येत नाही, दोनशे रुपये खिशातून घालावे लागतात. मी त्याच्या जागी असते तर कदाचित हेच केलं असतं.

राग मला उलट्या बाजूचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तारीख साऱ्या गावाला पाठ होती. मी २३ ला साबण मागितला, तर त्यानं जुन्याच भावात दिला. म्हटलं, "काकाजी, कमी झालं न?" तर म्हणतो, "हा जुना माल हाय, सूनबाई. मले महाग पडला. हा सरू द्या." वाढीच्या दिवशी त्याला पुढच्या मालाचा भाव आठवतो आणि उतरणीच्या दिवशी मागच्या मालाचा. मी हे त्याला तोंडावर बोलले. पारावरचे दोघं-तिघं हसले, काकाजीही हसला आणि साबणाचा एक रुपया कमी केला. एक रुपया. या एका गोष्टीसाठी मी अर्धा तारा कापते.

२०२४ च्या त्या सप्टेंबरात आमचे हे मात्र खुशीत होते. तेलावर टॅक्स लागला म्हणजे सोयाबीनला भाव येईन, असं त्यांचं गणित, आणि सरकारही तेच म्हणत होतं. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन बाजार समितीत नेलं, तर ४,१०० नं गेलं. हमीभाव त्या वर्षी ४,८९२ होता. ओलावा जास्त आहे म्हणून खरेदी केंद्रावर जमलं नाही आणि दिवाळीला पैसे तर हवेच होते. अडत्यानं समजावून सांगितलं की क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते अठरा किलोच्या आसपास, बाकी सारी पेंड, आणि पेंडीला तेव्हा बाहेर कोणी विचारत नव्हतं. म्हणजे तेल वाढलं ते आम्ही विकत घेताना, आणि पेंड पडली ती आम्ही विकताना. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. २०१९ च्या दिवाळीला आमचं सोयाबीन ३,९०० नं गेलं होतं आणि तेल ८८. एका क्विंटलच्या पैशांत ४४ किलो तेल. २०२४ च्या दिवाळीला ४,१०० आणि तेल १४२. एका क्विंटलच्या पैशांत २९ किलोही नाही. ह्यांनी ते पान पाहिलं आणि चहा न पिता वावरात निघून गेले.

तुरीचं तर आम्हीच करून घेतलं. दरवर्षी दोन क्विंटल तूर घरी ठेवतो, भरडून वर्षभराची दाळ होते, चुनी बैलांना जाते. जानेवारी २०२४ मध्ये तूर दहा हजाराला टेकत होती. हे म्हणाले, एवढा भाव परत नाही येणार, सारीच विकून टाकू. विकली, ९,८०० नं. मग जूनपासून काकाजीच्या दुकानातून दाळ, १७२ रुपये किलो, तीही उधारीवर. क्विंटलभर तुरीची सत्तर किलो दाळ धरा, तर आमचीच दाळ आम्हाला १४० ला पडली असती आणि चुनी वरून. त्या वर्षी आमच्या घरी वरण पातळ झालं. दाळभाजीत पालक जास्त, दाळ नावाला. पोरगी म्हणाली, "आई, आज दाळभाजी आहे का भाजीदाळ?" पुढच्या जानेवारीत मी दोन चुंगड्या आधीच माजघरात ओढून ठेवल्या. तूर त्या वेळी हमीभावाच्याही खाली, ७,२०० नं मागत होते, म्हणून ह्यांनाही काही बोलता आलं नाही.

आता उधारी, कारण या दुकानाचं मोल तिथंच आहे. जून ते नोव्हेंबर आमच्याकडं पैसा नसतो. बियाणं, खत, निंदण सारं जातेच, येत काही नाही. तेव्हा काकाजी वहीवर देतो आणि कापूस विकला की आम्ही चुकते करतो. उधारीचा भाव वेगळा, हे तो लपवत नाही. साखर रोखीनं ४४, वहीवर ४६. मी एकदा पूर्ण वही तशी तपासली. पाच महिन्यांची उधारी २१ हजार आणि त्यात वरचे साडेनऊशे. तेवढेच पैसे बचत गटातून महिना शेकडा दोननं, लागतील तसतसे काढले असते तर एक हजार पन्नासच्या आसपास व्याज लागलं असतं, शिवाय सही, मिटिंग आणि अध्यक्षबाईचं तोंड. त्यामुळे उधारीच्या भावाबद्दल माझी तक्रार नाही. लोक म्हणतात दुकानदार लुटतो. लुटत असेल, पण मोजून.

हिंगणघाटात मोठं मार्ट निघालं आहे. तिथं स्वस्त मिळते, हे अर्धं खरं आहे. मी दोनदा गेले. साखर दोन रुपयांनी कमी, पोहे चार रुपयांनी, रवा तसाच. एसटीचं बायांना अर्धं तिकीट, तरी जाऊन-येऊन चाळीसच्या वर. साऱ्या यादीत ११० रुपये वाचले. त्यातून तिकीट वजा करा, पोरीनं हट्टानं घेतलेली नूडल्सची पाकिटं वजा करा. वेचणीचे दिवस होते, एका दिवसाची वेचणी बुडाली, ती मी धरलीच नाही. आणि मार्ट वहीवर देत नाही.

तिथंच मला तेलाच्या पिशवीची गोम कळली. एका फळीवर दोन पिशव्या, सारख्याच उंचीच्या, सारख्याच पिवळ्या. एक १४५ ची, एक १३९ ची. समोरच्या बाईनं १३९ ची उचलली, मीही उचलली. मग सवयीनं मागची बारीक अक्षरं वाचली, कारण शिवणकामामुळे मला बारीक पाहायची सवय आहे. पहिलीवर ९१० ग्रॅम, दुसरीवर ८५० ग्रॅम. लीटरभर तेलाचं वजन ९१० ग्रॅम असते. म्हणजे पहिली किलोला १५९ रुपये आणि "स्वस्त" पिशवी १६३ च्या वर. कमी मापाच्या पिशवीवर वजन खरं छापलेलं असते, त्यामुळे कोणी फसवलं असं म्हणता येत नाही. काकाजीची रेघ निदान काळ्या मार्करची आहे, लांबून दिसते.

रेशनचं सांगितल्याशिवाय आमचा किराणा कळणार नाही. आमचं केशरी कार्ड, शेतकऱ्याचं. वर्धा, अमरावती विभाग आणि मराठवाडा असे मिळून चौदा जिल्हे, तिथल्या आमच्यासारख्यांना आधी माणशी पाच किलो धान्य मिळायचं, गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. मग धान्य थांबलं आणि २०२३ पासून त्याऐवजी खात्यात पैसे, माणशी महिन्याला १५०, पुढं १७०. पाच जणांचे ८५०. काकाजीकडं पंधरा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ घेतला तर ९१० होतात. फरक साठ रुपयांचा, फार नाही. पण गव्हाची चुंगडी घरात असली की भाव चढो की पडो, पोळी तेवढीच होते. १७० रुपये मात्र गहू चढला तरी १७० च. शेजारची पिवळ्या कार्डाची बाई महिन्याचं धान्य फुकट घेऊन येते आणि माझ्याकडं पाहून म्हणते, "तुमाले तं रोख भेटते न, बाई!" रोख भेटते ती थेट काकाजीकडं जाते. लाडक्या बहिणीच्या १५०० चंही तसंच. पैसे जमा झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर यायच्या आधी काकाजीला कळते. त्या दिवशी दुकानात गर्दी असते, आणि तो नवीन पिपा आधीच उतरवून ठेवतो.

पोरानं कुठूनतरी वाचून सांगितलं की २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत खेड्यातल्या माणसाच्या खर्चातले शंभरातले ४७ रुपये खाण्यावर जातात, शहरात ४० च्या आसपास. मी आमचं जोडलं तर बावन्न आले. त्या ४७ मधले जवळपास दहा तयार खाण्यावर आणि चहा-थंड्यावर, धान्यावर पाचच. मला आधी पटलं नाही. मग दारातल्या त्या माळा आठवल्या. बाई तेल दहाचं घेते, आणि कडेवरचं लेकरू माळेला हात घालते.

भांडणाचं राहिलं. मागच्या श्रावणात माझ्या वहीवर "बेसन २ किलो" निघालं. मी घेतलं नव्हतं. चार बायांसमोर काकाजीला बोलले, बेरीज चुकवता, वरून नसलेलं लिहिता. त्याच्या बेरजा खरंच चुकतात, दर पानावर दहा-वीस रुपये, कधी त्याच्याकडं, कधी आमच्याकडं. काकाजी काही बोलला नाही, फक्त चष्मा काढून पुसला. घरी आले तर माजघरात बेसनाचा डबा भरलेला. सासूबाईंना पातोडीचा रस्सा खायचा होता, त्यांनी शेजारच्या पोराला पाठवून आणवलं आणि मला सांगायचं राहिलं. संध्याकाळी पातोडीची वाटी झाकून काकाजीकडं पाठवली. त्यानं वाटी परत पाठवताना तिच्यात लसणाची एक गड्डी टाकून दिली. डिसेंबर २०२४ मध्ये हीच गड्डी तो दहाला एक देत होता, तेव्हा टाकली असती तर मी अजून अर्धा तारा दिला असता.

पाचपैकी साडेतीन. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: सकाळी सातला उघडते, दुपारी एक ते तीन काकाजी झोपतो आणि त्याचा पोरगा बसतो, पोराला भाव पाठ नाहीत, तो जास्तच सांगतो. फोनवरून पैसे चालतात, पण वीस रुपयांखाली नाही. फल्लीदाणे घ्यायच्या आधी एक चावून पाहा, मागच्या खेपेला खवट निघाले. सुकं खोबरं विचारू नका, पाव किलोनं शंभर गाठली तेव्हापासून काकाजीनं ठेवणंच बंद केलं. तेलाची बाटली घरूनच न्या, आणि लाईट असताना जा.